पत्तीवाले मास्तर

लग्नसराईत नारायणगाव-मंचर पट्ट्यात फिरलात, तर बँडवाले मास्तर हटकून भेटतील. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात क्लॅरनेट आणि जिभेवर पत्ती. काहीही विचारा, उत्तर एकच: "हं." पत्ती भिजतेय. नवरदेव घोड्यावर ताटकळलाय, मुलाच्या मामांनी दोनदा हात जोडले, तरी पत्ती भिजतेय. मग ती उजेडाला धरायची, नखाने टोक दाबायचं आणि सुस्कारा टाकायचा. "बसली!"

पत्तीचं हे दुखणं खोटं नाही, हीच तर अडचण. क्लॅरनेटच्या तोंडाला बसवायची ही पत्ती म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या वार भागात वाढणाऱ्या पोकळ नळाची चीप. तासतात सगळ्या एकाच मापात, मग टणकपणा मोजून दोन, अडीच, तीन असे नंबर पडतात. पण माल शेवटी निसर्गाचा. एका डबीतल्या दहा पत्त्या दहा स्वभावांच्या. मास्तरांच्या मते फ्रान्सवाल्यांनी डब्या भरण्याची विद्या नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून उचललीय. क्रेटचा वरचा थर लालबुंद, खाली देवाचं नाव!

"आपल्याकडं एवढा ऊस. विघ्नहर कारखाना हाय, भीमाशंकर कारखाना हाय, आन् बोटभर पत्तीला फ्रान्स?" ऊस आतून भरीव असतो, हे सांगायची माझी छाती होत नाही.

पत्त्यांचा संसार काड्यापेटीत. पेन्सिलीची फुली असेल ती पोरांच्या सरावाला. एक रेघ वरातीला, कारण डीजेपुढे कोण ऐकतंय? दोन रेघा फक्त ग्रामदैवताच्या पालखीला. पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले की जेवणाची हाक ऐकू येत नाही. जास्त घासली गेली, तर "मुळातच कच्ची होती." तीन रेघांची एकच आहे, थोरल्या लेकीच्या लग्नासाठी राखलेली. त्या दिवशी मास्तर वधूपिता. फेटा बांधून पाहुण्यांचे पाय धरत फिरले, वाजवलं दुसऱ्याच कुणी. आता ती पत्ती धाकटीच्या लग्नासाठी राखलीय.

तरुणपणी ते तमाशाच्या फडात होते. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. मास्तरही चक्कर मारतात, जुन्या ढोलकीवाल्याला भेटायला. तो भेटला की एका जत्रेत ऐन गणाला सूर कसा चिरकला, ते रंगवून सांगतो. मास्तर शांतपणे त्या पत्तीचा नंबर सांगतात.

सूर लागला तर मात्र पत्तीचं नाव काढायचं नाही. पालखीपुढे एकदा फार गोड वाजवलं. मी म्हटलं, "आज पत्ती झकास मिळाली वाटतं." मास्तर भडकलेच. "पत्तीत काय असतंय, साहेब? फुंक लागती, फुंक!"

पुतण्या सॅक्सोफोन वाजवतो. त्याने प्लॅस्टिकची पत्ती आणलीय. भिजवायला नको, घासायला नको, ऊन असो की पाऊस, रोज तशीच वाजते. मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "आन् एखाद् दिवशी चुकलं, तर नाव कुणाचं घ्यायचं?"