अनारंभी गिटारवादक

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय वस्तीत आढळणारा, चाळिशी ओलांडूनही 'होतकरू' या अवस्थेत सुखाने स्थिरावलेला आणि स्वतःविषयीच्या थोरामोठ्यांच्या अपेक्षा घडीही न मोडता जपून ठेवणारा वादक, अशी अनारंभ्याची स्थूल व्याख्या करता येईल. त्याचे उपास्य गीत म्हणजे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे 'टाइम'. 1973 च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या ध्वनिमुद्रिकेतील हे गीत, आयुष्य पुढे केव्हातरी सुरू होईल अशा समजुतीत बसून राहिलेल्या माणसाविषयीच आहे. ते शब्द लिहिताना रॉजर वॉटर्स यांनी तिशीही गाठलेली नव्हती, हा तपशील अनारंभ्याला तोंडपाठ असतो. तो कोणाला लागू पडतो, याचा विचार त्याने केलेला नाही.

गीताच्या आरंभी ध्वनिमुद्रणतज्ज्ञ ॲलन पार्सन्स यांनी टिपलेली घड्याळे एकदम खणखणतात, मग निक मेसन यांचे रोटोटोम, म्हणजे गोल फिरवून स्वर चढवता-उतरवता येणारे उथळ ढोल, सावकाश घुमतात आणि पहिला शब्द कानी पडेपर्यंत दोन मिनिटांहून अधिक वेळ जातो. हा भाग त्याला विशेष प्रिय असतो, कारण थोरांनाही सुरुवात करायला वेळ लागतो याचा तो ध्वनिमुद्रित पुरावा होय.

त्याचे 'ओरिजिनल', म्हणजे दुसऱ्याचे न वाजवता स्वतः रचलेले गाणे, महाविद्यालयापासून बसवणे चालू आहे. त्यातला रिफ, म्हणजे पुनःपुन्हा येणारा छोटा स्वरसमूह, खरोखर चांगला आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. अडचण तीच आहे, कारण सुमार रिफ माणूस बेधडक चारचौघांत वाजवतो (आणि त्यावर पुष्कळांनी नावही कमावले आहे), पण चांगला रिफ बिघडू शकतो. म्हणून आधी तारा बदलाव्या लागतात, मग पेडल, म्हणजे पायाने दाबून आवाजाचा पोत पालटणारी पेटी, बदलावी लागते, आणि तेवढ्यात खोलीचा घुमारा आडवा येतो. लग्नकार्यात मावशीने "अरे, तुझी कॅसेट कधी निघतेय?" असे विचारल्यास तो तिला कॅसेट कालबाह्य झाल्याचे सविस्तर समजावतो, आणि पाठोपाठ सीडीही गेली, तेव्हा घाई केली नाही हे बरेच झाले, असे त्याला मनोमन वाटते.

2007 साली वॉटर्स यांनी मुंबईत ही संपूर्ण ध्वनिमुद्रिका सादर केली, तेव्हा 'टाइम'मधील सोलो, म्हणजे गिटारवादकाने एकट्याने खुलवायचा तुकडा, अनारंभ्याने गर्दीत डोळे मिटून हवेत वाजवला आणि त्यात एकही स्वर चुकला नाही.

अलीकडे त्याच्या सोसायटीतील एका शाळकरी मुलाने तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र छेडायच्या तीन स्वरगुच्छांवर, गाणे रचून ते गणपतीत सर्वांसमोर वाजवले. मुलाची दुसरी तार उतरली होती, असे अनारंभ्याचे निरीक्षण असून ते अचूक आहे.