दिलेली मदत: निरंक

आमच्या वसईत दानशूर माणसांना तोटा नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसाठी पेटी फिरवा, नोटा पडतात. नाताळाआधी तांदूळ मागा, गोणी दारात येते. पण 'रविवारी संध्याकाळी एका आजींकडे तासभर बसायला येता का?' एवढं एखाद्याला विचारून बघा. नेमके त्याच रविवारी त्याच्याकडे पाहुणे यायचे असतात. "त्यापेक्षा माझ्या नावावर पाचशे लिहा," म्हणून गडी सुटतो.

ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केली. मंडळी वादविवादात पट्टीची. गरिबाच्या घरी जायचं कसं, हे मात्र त्यांना सिस्टर रोझाली रेंद्यू हिने शिकवलं. लोकांचं ऐकण्यात गेलेला वेळ फुकट गेला असं समजू नका, हे तिनं या पोरांना बजावलं होतं. वक्त्यांना गप्प बसायला शिकवलं, हाच मला तिचा पहिला चमत्कार वाटतो. पुढे चर्चने ओझानामला १९९७ मध्ये धन्यवादित घोषित केलं आणि सिस्टरला २००३ मध्ये. शिकवणारीचा नंबर नंतर लागला. असो.

भेटीला दोघांनी जायचं, हा सोसायटीचा जुना रिवाज. माझे जोडीदार बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर. मन सोन्याचं, पण समोरच्यानं 'हाय' म्हणायच्या आत यांचा सल्ला तयार. आम्ही जातो त्या आजींचा गुडघा दुखतो, तर हे विचारतात, "पासबुकावर नॉमिनी कोण?" आजी तरुणपणी वाडीतली भाजी टोपलीत भरून पहाटेच्या गाडीनं दादरला नेत. त्या गाडीत जागेवरून झालेलं एक भांडण आम्ही दर भेटीत ऐकतो. दर वेळी विरुद्ध पार्टीत एक बाई वाढते आणि आजी तरीही जिंकतात. कॅशियरसाहेबांना ही वाढ सहन होत नाही. "आजी, मागच्या वेळी चौघीच होत्या," असं ते एकदा बोलून गेले. आजी म्हणाल्या, "तू गाडीत होतास का?"

एकदा कॅशियरसाहेबांनी बाही सरकवून हळूच घड्याळ पाहिलं. आजींना मोतीबिंदू आहे, पण नेमकं तेवढं दिसलं. "मनगटावर कशाला बघतोस? भिंतीवरचं मोठं आहे की." भिंतीवरचं घड्याळ नातवाच्या लग्नापासून बंद आहे.

अशा वेळी मला मार्कच्या शुभवर्तमानातला याईर आठवतो. सभास्थानाचा अधिकारी, पोर मरणाच्या दारात, येशू त्याच्याबरोबर निघालेला. आणि वाटेत गर्दीतून कोणा बाईनं वस्त्राला हात लावला म्हणून येशू थांबतो. बाई बारा वर्षं आजारी, वैद्यांच्या पायी सगळा पैसा संपलेला. तिनं सारं काही सांगितलं, असं मार्क लिहितो. वसईतल्या अनुभवावरून सांगतो, बारा वर्षांचं दुखणं आणि पाच वैद्यांची निंदा थोडक्यात होत नाही. शिष्य आधीच वैतागलेले. याईरचं काय झालं असेल! मुलगी पुढे उठून चालू लागली, हे आपल्याला ठाऊक आहे. रस्त्यात उभ्या बापाला नव्हतं. प्रवचनात बहुतेक त्या बाईच्या श्रद्धेबद्दल ऐकायला मिळतं. मला नवल त्या थांबण्याचं वाटतं.

शिवाय सेवा नक्की कोण करतं, हा घोळ आहेच. आमच्याआधी आजींकडे कोण येऊन गेलं, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचा मुलगा आखातातून फोन करत नाही, हे सगळं त्यांना पाठ असतं. त्यांच्या मते, 'हे दोघे बिचारे रविवारी घरी नकोसे होतात, म्हणून येतात, बसू द्यावं.' निघताना त्या आमच्यासाठी रोझरीचं एक दशक म्हणण्याचं आश्वासन देतात आणि हातावर सुकेळी ठेवतात.

अडचण येते ती मासिक सभेत. भेटीच्या नोंदीत 'दिलेली मदत' असा रकाना आहे. मी लिहिलं, 'निरंक'. कॅशियरसाहेब उठले. सुकेळी मिळाली आहे, ती जमेला धरल्याशिवाय हिशेब जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्ष म्हणाले, गरिबांकडून मिळालेल्या मालाला आपल्याकडे रकाना नाही. मग नवा आखा, असा यांचा हट्ट. बराच वेळ खडाजंगी झाली. शेवटी खजिनदारांनी चष्मा पुसत विचारलं, "रकाना आखू हो. पण माल कुठे आहे?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माल वाटेतच संपला होता.