प्रयोग चिरायू होवो

अमेरिकेत म्हातारपण दोन खात्यांत वाटलेले असते. पासष्टीनंतर डॉक्टर, रुग्णालय, शस्त्रक्रिया हे सारे केंद्राच्या ‘मेडिकेअर’कडे. मात्र आंघोळ घालायला, भरवायला, कूस बदलायला कायमचा माणूस लागला, की मेडिकेअरच्या लेखी ते आजारपण उरत नाही. तो भार उचलते केंद्र आणि राज्य मिळून चालवतात ती गरिबांची ‘मेडिकेड’. तिच्यासाठी आधी गरीब व्हावे लागते. शुश्रूषागृहाची बिले ही पात्रता लवकरच मिळवून देतात. दोन्ही योजनांची कार्डे बाळगणारे एक कोटीहून अधिक आहेत. राज्याने घरी मदतनीस पाठवून आजीबाईंचे पडणे टाळले, तर वाचते ते मेडिकेअरचे बिल. खर्च राज्याचा, बचत केंद्राची! एवढा शेजारधर्म कोणत्याच अर्थखात्याला परवडत नाही.

म्हणून प्रायोगिक प्रकल्प निघतात. 1980च्या दशकातील ‘चॅनेलिंग’मध्ये वृद्धांना काय हवे ते शोधून सेवा जुळवून देणारे समन्वयक नेमले. त्यांनी गरजा शोधल्या, त्या सापडल्याही, आणि खर्च घटण्याऐवजी वाढला. गरजा शोधू नयेत, हा धडा तेवढा अहवालात लिहायचा राहिला. 1985मध्ये उपचार आणि शुश्रूषा एकत्र देणारे ‘सोशल एचएमओ’ चार ठिकाणी सुरू झाले. त्याला मुदतवाढ मिळत गेली. प्रयोग मतदानाच्या वयाचा झाला, तरी कायम झाला नाही. एवढ्या काळात रोजंदारीवरचा कारकूनही कायम होतो.

कॅलिफोर्नियाने 1995मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेच्या एकत्रीकरणाच्या प्रयोगांसाठी कायदाच केला. काउंट्यांनी नियोजनाची अनुदाने घेतली, समित्या बसल्या. पुढे 2014मध्ये सात काउंट्यांत दोन्ही कार्डे एका योजनेत आणणारे ‘कॅल मेडिकनेक्ट’ आले. त्यात लोकांना आपोआप दाखल केले जाई. नको असेल त्याने तसे कळवायचे. नव्वद, साठ आणि तीस दिवस आधी पत्रे गेली. गोंधळ मिटवणारी योजना समजावणाऱ्या त्या पत्रांनीच एवढा गोंधळ उडवला, की निम्म्याच्या आसपास लोकांनी ‘नको’ कळवले. 2022च्या अखेरीस प्रकल्प संपला आणि उरलेल्यांची रवानगी नव्या नावाच्या योजनांत झाली.

चाललेला प्रयोग मात्र मंत्रालयात जन्मला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊन भागात एक दंतवैद्य आणि एक समाजसेविका यांनी 1971मध्ये ‘ऑन लोक’ संस्था उभी केली. दिवसाचे केंद्र, ने-आणीला गाडी, माणशी ठरावीक मासिक रक्कम आणि सगळ्याला जबाबदार एकच चमू. त्या चमूत गाडीचा चालकही बसतो, कारण आजोबांना पायरी चढताना कालपेक्षा जास्त धाप लागली, हे सर्वांआधी त्याला दिसते. ‘पेस’ या नावाने ही पद्धत कायद्याने कायम व्हायला 1997 उजाडले. दोन्ही कार्डे असलेल्या शंभरांतल्या एकालाही ती अजून मिळत नाही.