पॅकेज राहू दे, हातात किती?

दिव्याहून सकाळी ठाण्या-मुंबईकडे निघणाऱ्या गर्दीत ‘हातात किती?’वाले काका एक तरी असतातच. वय पन्नाशीपुढचं, हिशेब तोंडी. कोणाचा मुलगा नोकरीला लागला की अभिनंदनाच्या आधी विचारतात, “पॅकेज राहू दे रे, हातात किती?” मुलगा ‘सहा लाख’ म्हणाला की त्याची आई मनात महिन्याचे पन्नास हजार मोजते आणि काका “साडेसदतीस” म्हणून मोकळे होतात. मागे लोक त्यांना भोचक म्हणतात, कोणी जळका म्हणतं. पण पगाराच्या व्यवहारात या माणसाइतकं सरळ कोणीच बोलत नाही, असं माझं मत आहे.

त्यांचा हिशेब ताडून बघा. सहा लाखांतले दहा टक्के, म्हणजे ६०,००० व्हेरिएबल; ते वर्षअखेरीला साहेबाच्या मनात आलं तर. बेसिक निम्मं धरलं तर महिना २५,०००. त्यावर कंपनीने भरायचा १२ टक्के पीएफ वर्षाला ३६,००० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी १४,४३०. दोन्ही तुमच्याच सहा लाखांतून. उरलेले ४,८९,५७० बाराने भागले की ४०,७९७. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि राज्याचा व्यवसाय कर २०० गेला की ३७,५९७. इन्कम टॅक्स शून्य, कारण नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत तो लागतच नाही. म्हणजे पन्नासाचे साडेसदतीस होण्यात दिल्लीच्या इन्कम टॅक्सचा काही हात नाही, मंत्रालयाचा दोनशे रुपयांपुरता. बाकीची बरीचशी किमया ऑफर लेटर टाइप करणाऱ्याची. तरी काका शिव्या सरकारलाच घालतात. सवय, दुसरं काय! फेब्रुवारीत तर त्यांना भरतीच येते. व्यवसाय कराला १९८८ च्या घटनादुरुस्तीपासून वर्षाला २,५०० ची मर्यादा आहे, आणि महाराष्ट्र ती अकरा महिने दोनशे नि फेब्रुवारीत तीनशे कापून काटेकोर गाठतो. दिवस सर्वांत कमी त्या महिन्यात कात्री सर्वांत मोठी, हे काका दरवर्षी नव्या संतापाने सांगतात. बायकांना महिना पंचवीस हजारांपर्यंत हा कर माफ आहे, हे मात्र जरा हळू आवाजात.

यावर कोणी म्हणेल, पीएफ आपलाच पैसा, तो ‘गेला’ कसा? बरोबर आहे, आणि काकांनाही ठाऊक आहे. पण फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला कापला जातो आणि निवृत्ती तीस वर्षांनी येते. बँक पासबुकातला आकडा बघते, म्हातारपणाचा नाही. दुसऱ्याचा पगार विचारणं असभ्य, हा आक्षेप त्याहून वजनदार. पण लग्न जमवणारे विचारतात, कर्ज देणारा विचारतो, फ्लॅटचा एजंट तर दारातच विचारतो. फोड करून दाखवणारे मात्र हे एकटेच, तेही फुकट.

त्यांची खरी मैफल रंगते ती पगारवाढीवर. ‘स्लॅब बदलला, आता पगार कमीच होणार’ असं कोणी म्हटलं की ते खवळतात: वरच्या स्लॅबचा दर फक्त वरच्या रकमेवर, हे किती वेळा सांगायचं? एकच जागा अशी आहे की तिथे त्यांना हसू आवरत नाही. करपात्र उत्पन्न बरोबर बारा लाख असेल तर कर शून्य. त्यावर दहा हजार वाढले तर कर दहा हजार आणि वर सेस चारशे. पगारवाढीचे पेढे घरच्या पैशांतून! दिव्यात हा प्रसंग फार थोड्यांवर येतो, तरी काका तो तोंडपाठ ठेवून असतात.

तेव्हा ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी कंपनीकडून पगाराची फोड लेखी मागा, आणि व्हेरिएबलची ओळ काकांना आधी दाखवा.