बटनआप्पा

बटनआप्पांना फोन जरूर करावा, पण त्यांच्यासमोर फोन काढू नये. काढलात, तर ते आधी तुमच्या अंगठ्याकडे बघतात, मग काचेकडे, आणि नाडी बघून आशा सोडलेल्या वैद्यासारखा चेहरा करून विचारतात, "दिवसभर पुसता काय एवढं?"

रेशनकार्डावरचं त्यांचं नाव आता नंदुरबारात फक्त पोस्टमनला ठाऊक असावं. बाकी गावाला ते बटनआप्पा. या नावाचा त्यांना राग नाही, उलट थोडा गर्वच आहे. अशी माणसं तुमच्याही गावात असतील, कुठे निवृत्त तारमास्तर, कुठे एसटीचा जुना कंडक्टर. पण आमच्या आप्पांइतकी तत्त्वनिष्ठा त्यांच्यात असेल असं वाटत नाही.

आप्पा मूळचे टंकलेखक. धुळ्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर मुलांच्या हातांवर फडकं टाकत आणि फडक्याखाली बोटं चालवायला लावत. खाली बघितलं की छडी, चूक झाली की कागद बाहेर आणि नवा कागद आत. मराठी मिनिटाला 40 शब्द, हे त्यांचं प्रमाणपत्र आजही बैठकीच्या खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी टांगलेलं आहे. देवांना हार सणावारी मिळतो, प्रमाणपत्र रोज पुसलं जातं. 1 जुलै 1998 ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा निघाला, तेव्हा आप्पा बदली होऊन इकडे आले. ते स्वतः मात्र असं सांगत नाहीत. ते म्हणतात, "जिल्हा सरकारनं जाहीर केला. टाईप मी केला."

नोकरी सुटली तरी बोटं सुटली नाहीत. सभेत बसले की मांडीवर दहाही बोटं चालू. शेजारच्याला वाटतं, म्हाताऱ्याला कंप सुटलाय. आप्पा भाषण टाईप करत असतात. वक्ता 40 शब्दांच्या पुढे पळायला लागला की ते कपाळाला आठी घालतात, आणि मंत्री नव्या ओळीवर गेला की डावा हात हवेत डावीकडून उजवीकडे सरकतो. एकदा हा हात पुढच्या खुर्चीवरच्या माणसाच्या टोपीला लागला. आप्पांनी माफी मागितली नाही. "मार्जिन सोडून बसायला काय होतं?" म्हणाले.

पहिला मोबाइल त्यांनी घेतला तो नोकिया 1100. डोक्यावर टॉर्च असलेला हा फोन 2003 मध्ये आला आणि भारनियमनाच्या त्या दिवसांत खानदेशात त्यावर बोलण्यापेक्षा त्याच्या उजेडात जेवणं जास्त झाली. पण आप्पांना त्यात आवडला तो टॉर्च नव्हे, पाच आकड्यावरचा बारीक उंचवटा. संगणकाच्या पाटीवर बोटांना घर सापडावं म्हणून जी खूण असते तीच ही. अंध माणूस तेवढ्या एका ठिपक्यावरून सगळी पाटी ओळखतो. "बोटले दिखस, मंग डोयाले कसाले काम?" हे आप्पांचं आवडतं वचन, आणि ते ऐकवताना ते तुमच्या फोनच्या गुळगुळीत काचेवरून तर्जनी अशी फिरवतात, की तुम्हालाच तो फोन विकत घेतल्याची शरम वाटावी.

पुढे त्यांनी पूर्ण पाटीवाला नोकिया ई63 घेतला. इंग्रजीची सव्वीसही अक्षरं, प्रत्येकाला स्वतंत्र कळ. जोडीला एक जुना ब्लॅकबेरीही आणला. आप्पांच्या घरात ब्लॅकबेरीबद्दल एखाद्या बुडालेल्या संस्थानाबद्दल बोलावं तसं बोललं जातं. कॅनडातल्या वॉटर्लू गावची कंपनी, तिची भरभराट, तिचा ऱ्हास, सगळं आप्पांना पाठ. 2008 मध्ये तिनं 'स्टॉर्म' नावाचा काचेचा फोन काढला. त्याचा अख्खा पडदाच दाबला की खटकन वाजायचा. "ते घराणं तिथंच बाटलं," असा आप्पांचा निवाडा आहे. 4 जानेवारी 2022 ला कंपनीनं जुन्या फोनांची सेवा बंद केली, तेव्हा आप्पांनी दाढी केली नाही.

त्यांचा खरा राग स्टीव्ह जॉब्सवर. 9 जानेवारी 2007 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर त्यांनी पहिला आयफोन दाखवला, त्याआधी कळांचे चार फोन पडद्यावर मांडून त्यांची उलटतपासणी घेतली. आक्षेप असा, की या कळा गरज असो वा नसो, खालच्या चाळीस टक्के भागात ठाण मांडून बसलेल्या असतात. नातवानं हा व्हिडिओ आप्पांना मुद्दाम दाखवला. आप्पांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "पोलीस ठाणंही गरज नसताना तिथंच असतं. उचलून नेता का?"

यावर नातवाला उत्तर सुचलं नाही. मला अजून सुचलेलं नाही.

आप्पा नुसते हट्टी असते तर त्यांच्यावर लिहायचं कारण नव्हतं. पंचाईत अशी, की त्यांचे निम्मे मुद्दे खरे असतात. मिरचीच्या हंगामात ते पाहुण्यांना गावाबाहेरच्या पथारीवर नेतात. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ नावाजलेली. ओली लाल मिरची मोकळ्या रानात पसरलेली असते, नजर जाईल तिथवर जमीन तांबडी, आणि हाताला फडकी गुंडाळून बाया देठं खुडत बसलेल्या. कुणाचा तरी फोन वाजतो. काचेचा असेल तर फडकं सोडावं लागतं, कारण काचेला बोटाची कातडी लागते. बोट टेकल्यानं काचेवरच्या विद्युतभारात पडणारा बारीकसा फरक मोजूनच तिला स्पर्श कळतो. फडकं सोडून फोन घेतला की तिखट काचेवर, काच गालाला, आणि मग पंधरा मिनिटं आईबहिणीचा उद्धार. कळवाली मात्र फडक्यासकट बटन दाबून बोलून मोकळी होते. आप्पा पाहुण्यांकडे वळून बघतात. काही बोलत नाहीत, पण मांडीवर बोटं चाललेली असतात.

राबून राबून घट्टे पडलेल्या बोटाला तर काच पुष्कळदा दादच देत नाही. इथं आप्पांचा आवाज चढतो. "आपल्या जिल्ह्यानं देशाला पहिलं आधार दिलं!" हे खरंच आहे. 29 सप्टेंबर 2010 ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हजेरीत, देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. "आणि आता त्याच जिल्ह्यातल्या मजुराचं बोट रेशनच्या यंत्राला पटत नाही, फोनच्या काचेलाही पटत नाही. झिजलेल्या बोटानं जायचं कुठं?" या प्रश्नावर चहाच्या टपरीवर शांतता पसरते. मग कुणीतरी स्कॅनरवर पैसे टाकतं, 'प्राप्त हुए' असा आवाज येतो, आणि आप्पा नोट काढून सुट्ट्यांसाठी हुज्जत घालायला मोकळे होतात.

त्यांचा सगळ्यात मोठा विजय घरातलाच. पणतीचं बारसं होतं. नातवानं घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण लिहायला घेतलं, 'बार' एवढं टाईप केलं, काचेनं पुढचा शब्द आपणहून सुचवला, यानं अंगठा मारला. संदेश गेला: 'शनिवारी बाराव्याला सहकुटुंब यावे.' तासाभरात नवापूरच्या आत्यानं फोनवर हंबरडा फोडला. शहाद्याचे मामा तर सांत्वनाला दारावर यायचंच म्हणून टोपी-उपरणं घेऊन निघाले, आणि पेढ्याची परात घेऊन उभ्या असलेल्या पोरीला बघून उंबऱ्यातच थबकले. आप्पांच्या ई63 वर 2017 पासून व्हॉट्सॲप चालत नाही. सिंबियनच्या फोनांना त्या साली रामराम मिळाला. त्यांनी आपले वेगळे एसएमएस पाठवले होते. त्यांत होतं, 'बारसाला या.' एक अक्षर उणं, पण बाळ जिवंत.

"कळ शहाणपणा करत नाही," आप्पा त्या दिवशी येईल त्याला सांगत होते. "जे दाबलं ते उमटलं. चूक झाली तर ती माझी."

आता ते उणं अक्षर. आप्पांच्या फोनची 'एच'ची कळ मेली आहे. नवी पाटी सुरतेत मिळाली तर मिळेल, असं दुकानदार सांगतो, आणि आप्पा दर महिन्याला सुरतेला जाणाऱ्या कुणाला तरी चिठ्ठी देतात. तोवर कारभार 'एच'विना. आणि आप्पा फोनवर मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत. तिथं 'एच' गेला, की ख, घ, भ, ध सगळेच गारद. आप्पांचं घर 'गर' होतं, खर्च 'कर्क' होतो, भाऊ 'बाऊ' होतो, आणि थंडी वाजायच्या ऐवजी 'तंडी' वाजते. धुळ्याचं 'दुळे' झालं, शहाद्याचं 'सादा'. जिल्ह्याचे सहा तालुके, त्यांपैकी शहादा आणि धडगाव जायबंदी. नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा सुखरूप. आप्पा याकडे योगायोग म्हणून बघत नाहीत. "मुख्यालय शाबूत आहे ना?" म्हणतात.

इथंच माझी आणि आप्पांची फारकत होते. मराठीत मिनिटाला 40 शब्द मारणारा हा माणूस, पण त्यांच्या लाडक्या फोनच्या एकाही कळेवर मराठीचं अक्षर नाही. कळेवर एकदा छापलं ते छापलं. तिथं बाराखडी मावत नाही, जोडाक्षराला जागा नाही. ज्या काचेला ते नावं ठेवतात, ती घटकेत इंग्रजी, घटकेत मराठी होते. नातवानं एकदा त्यांना 'स्वरचक्र' दाखवलं. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी 2013 मध्ये काढलेला हा कीबोर्ड. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु अशी मात्रांची फेर धरलेली चकती उघडते, हवी तिकडे बोट सरकवायचं. आप्पांनी चष्मा लावला. क झाला, ख झाला, ज्ञ सापडला. किती तरी वेळ ते बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "हे बाराखडी येणाऱ्या माणसानं केलंय." त्यांच्या तोंडून काचेची ही एकमेव स्तुती. लगेच सावरून विचारलं, "पण न बघता येतं का?" न बघता येत नाही. आप्पांनी फोन परत दिला.

घरात आप्पांच्या पत्नी माईंनी हा वाद कधीच निकालात काढला आहे. माई कळही दाबत नाहीत आणि काचही पुसत नाहीत. त्या माइकच्या चित्रावर बोट दाबून धरतात आणि अहिराणीत बोलतात. पाच मिनिटं, दम न घेता. सुनेला, बहिणीला, सुरतेच्या भाचीला तसाच आवाज पोचतो, तसाच तिकडून येतो. ना शुद्धलेखन, ना सुचवणी, ना 'एच'. "तुमनं बटन तुमनाजोडेच र्‍हाऊ द्या," असं त्या सांगतात, तेव्हा आप्पा पेपर वर धरतात. माईंचा वेग त्यांनी एकदा मांडीवर मोजून पाहिला होता. 40 च्या कितीतरी पुढे.

अलीकडे आप्पांना धीर आला आहे. 2024 च्या जानेवारीत 'क्लिक्स' नावाची वस्तू जाहीर झाली: आयफोनला खालून बसवायची कळांची पाटी. त्याची बातमी त्यांनी पाकिटात ठेवली आहे. "आले ना शरण?" असं विचारतात. किंमत डॉलरमध्ये आहे, हे ते घडीच्या आत ठेवतात.

माझं मत विचाराल, तर काच जिंकली ते रास्तच झालं. मराठीला फोनवर पूर्ण अक्षरांनिशी जागा तिनंच दिली. फक्त आप्पांना हे सांगायला जाऊ नका. तुम्हाला पत्ता हवा असेल तर फोन करा, उचलतील. आणि एसएमएसनं उत्तर आलं, 'गरी या, बाकरी काऊन जा', तर शंका न काढता जा. भाकरी माईंच्या हातची असते.