जावयाची गाडी आणि मेहुण्याची बाइक

"नाना, ऐकलंत का? समोरच्या काकूंच्या जावयाच्या गाडीचं इंजिन जाम झालं म्हणे!"

"कोण म्हणालं, वहिनी?"

"दूधवाला. धोदाणीला फिरायला निघाले, तर गेटातच ऑइलचा दिवा लागला. मग सासऱ्यांनी पिकअपच्या कॅनमधलं ओतलं. गाडी पेट्रोलची, तिला लागतं पाच-तीस, आणि हे पंधरा-चाळीस!"

पनवेल डेपोच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या नानांनी खुरपं खाली ठेवलं. ऑइलचा विषय निघाला की वांग्यांची आळी राहतात तशीच.

"दिवा लागल्याबरोबर गाडी थांबवली ना? मग ओतलं ते बरोबरच केलं. कोरडं इंजिन चालवलं असतं, तर खरंच जाम झालं असतं."

"पण दोन जातींचं मिसळलं की घट्ट गोळा होतो म्हणतात."

"काही होत नाही. इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतील अशीच बनवतात, मिनरल-सिंथेटिकसुद्धा. जाडी दोन्हींच्या मधली येते. पहिला आकडा थंडीतला. पंधरावालं उणे वीसलाही इंजिन फिरू देतं. आपल्या नेऱ्यात उणे कधी आलंय? दुसरा आकडा शंभर अंशांवरचा, आणि तीसच्या शेजारीच चाळीस. ॲव्हरेज जरा पडेल, एवढंच. शून्य-वीसच्या नव्या गाडीत वीस-पन्नास मात्र मी नसतं ओतू दिलं. तिच्यातली ऑइलची वाटच बारीक."

"मग बिघडलं काय?"

"मेहुण्याची बाइक!"

"अगंबाई!"

"जावयाने दुसऱ्या दिवशी पनवेलहून पाच-तीसचा नवा कॅन आणून सगळं ऑइल बदललं. उरलेलं मेहुण्याने बाइकमध्ये घातलं. बाइकला दहा-तीस लागतं, मागचा तीस जुळला ना! पण बाइकचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. गाडीच्या ऑइलात घर्षण कमी करायची औषधं असतात, त्याने क्लच घसरतो. धोदाणीच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि बाइक जागची हलत नाही. बाइकसाठी कॅनवर 'जासो एमए' बघायचं असतं, ते कोण बघतो?"

"आणि नाव जावयाचं झालं!"

"त्याला एवढं विचारा, ऑइल कमी झालंच कसं? गळतंय की जळतंय?"

"विचारते की. काकूंकडे कढीपत्ता मागायला जायचंच होतं."