पणजीचं नाव काय?

कुठलाही कुलवृत्तांत उघडा, घराण्याचा एक तरी पूर्वज १७६१ साली पानिपतावर हजर असतोच. भाऊसाहेबांच्या छावणीत भाकऱ्या थापायला बहुधा कोणी नव्हतंच, सगळेच सरदार. जुगारात वाडा घालवलेला किंवा सावकाराला भिऊन रातोरात गाव सोडलेला खापरपणजोबा मराठी मुलखात जन्मलाच नाही. (मग ती गहाणखतं लिहून दिली कोणी?)

आणि वंशवृक्ष! फांद्या सगळ्या पुरुषांच्या. आजीचं सासरचं नाव कंसात, माहेर ‘अनुपलब्ध’. पितृपक्षात गुरुजी तीन पिढ्या विचारतात, तेव्हा बाप, आजोबा, पणजोबा धडाधड येतात. गाडी बायकांच्या नावांकडे वळली की यजमान मोबाइल काढून आत्याला फोन लावतो. पणजीचं नाव आठवत नाही, पण पानिपतावरच्या घोड्याचा रंग मात्र पाठ!

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. त्या जरूर पाहा. पण घरात ऐंशी ओलांडलेलं कोणी असेल, तर पुस्तक छापायला टाकण्याआधी त्यांच्यापाशी बसा आणि बायकांची नावं आधी लिहून घ्या. माहेरची आणि सासरची, दोन्ही.